म्हशीच्या साक्षीनं पहिली भेट

आमच्या घरी आठ म्हशी आहेत आणि मला दूध पचत नाही. एवढं साधं वाक्य चारचौघांत म्हणायला मला चौतीस वर्षं लागली. आणि म्हटलं तेव्हाही चारचौघांत नाही, चांगल्या तीसेक माणसांत, बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं.

मुरगूडजवळ आमचं घर. वडील तरुणपणी तालमीत घुमलेले. माणसाच्या अंगातलं निम्मं रक्त हे मुळात दूधच असतं, असा त्यांचा पक्का समज. लहानपणी रोज सकाळी माझ्यासमोर दुधानं भरलेला पितळी तांब्या यायचा आणि तो मी गोठ्यामागं नेऊन मांजरापुढं रिकामा करायचो. ते मांजर पुढं इतकं माजलं की गल्लीतली कुत्री त्याला वाट द्यायला लागली. वडील मांजराकडं बघायचे, मग माझ्या बरगड्यांकडं बघायचे आणि वैरण टाकायला जायचे. शेवटी डॉक्टरांनी काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना ओळीनं बसवून ताकीद दिली, "हे भायेर कुठं बोलायचं न्हाय." लोकांच्या घरात दारू लपवतात, पत्ते लपवतात. आमच्या घरात माझं पोट लपवलं गेलं.

पुढं मी कोल्हापुरात आलो. राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची नोकरी धरली. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढं काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" संध्याकाळी खोलीवर जाऊन लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवायचा आणि त्याच्याशी बोलत जेवायचं. तोवर नऊ मुलींकडून नकार आला होता. कुणाला पुण्यातली नोकरी पाहिजे होती, कुणाला शेण नको होतं. एकीनं 'असंच' एवढंच कारण दिलं होतं. खरं सांगतो, त्या 'असंच'नं मला बाकीच्या आठांपेक्षा जास्त छळलं.

स्थळं आणायचं काम आत्तीकडं, म्हणजे वडलांच्या बहिणीकडं. नववा नकार आल्यावर तिनं फर्मान काढलं.

"हे शेवटचं. ह्याच्यापुढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. आणि ह्या खेपेला फोटू द्यायचा न्हाय."

"का?"

"फोटू बघूनच न्हाय म्हणत्यात लोकं. एकदम समोर उभा ऱ्हा. समोर आल्यावर माणूस भिडंनं तरी घटकाभर बसतंय."

तिचाही फोटो मला मिळणार नव्हता, फिटंफाट. शहरातली पोरं याला ब्लाइंड डेट म्हणतात. आमच्या आत्तीनं तिचा शोध स्वतंत्रपणे लावला.

मुलगी इचलकरंजीची. वडलांचे घरचे कापडाचे माग. ती कोल्हापुरात काकीकडं राहायची आणि राजारामपुरीतच क्लासमध्ये दहावीला गणित शिकवायची. माझा बायोडाटा आत्तीनं परस्पर झेरॉक्सवाल्याला सांगून टाइप करून घेतला होता. तो मी वाचला आणि घाम फुटला. 'निर्व्यसनी. कुस्तीची आवड. रोज दोन लिटर दूध.'

"आत्ती, हे दोन लिटर कुणाचं?"

"पोरगीच्या बापाला कुस्तीचं याड हाय."

"आणि लग्नानंतर?"

"लगीन झाल्यावर कोण लिटर मोजत बसतंय?"

भेटायची जागा मुलीच्या वडलांनी ठरवली. हॉटेलात कोपऱ्यात बसलेल्या जोडीकडं सगळं गाव बघतं. पण गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर बसलेली माणसं दूध प्यायलाच आली आहेत असं वाटतं. मुद्दा बिनतोड होता. ज्यांनी तो कट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथं म्हशी समोर उभ्या असतात. तुम्ही सांगायचं, तुमच्या देखत धार काढायची आणि फेसाळलेला गिलास, म्हशीच्या अंगाइतका गरम, तुमच्या हातात द्यायचा. अख्ख्या जिल्ह्यात माझ्या पोटासाठी याहून धोक्याची जागा शोधून सापडली नसती.

"आत्ती, तिथं ताक मिळंल काय?"

"ताक पिऊन कोण लगीन करतंय?" म्हणून तिनं फोन ठेवला.

ओळखायची खूण म्हणून मी हातात हेल्मेट धरायचं ठरलं होतं. कोल्हापुरात गाडीवरून उतरून हेल्मेट हातात घेऊन उभा असलेला माणूस लाखात एक, त्यामुळं चुकामूक व्हायची भीती नव्हती. रविवारी संध्याकाळी पाचला मी कट्ट्यावर पोचलो तेव्हा दोघांनी मला विचारून घेतलं, "पुढं पोलिस हायत काय, पावणं?"

ती स्कूटरवरून आली. हिरवा ड्रेस, बोटांवर फळ्याच्या मार्करचा निळा डाग आणि हसली की डावा डोळा किंचित बारीक होतो. मला ती पाहताक्षणी आवडली. पुढचा सगळा गाढवपणा मी याच कारणानं केला. नावडती असती तर काय, मी सरळ म्हटलं असतं, बाई, मला दूध चालत नाही, चला भेळ खाऊ.

ती काहीतरी म्हणाली.

"काय?" मी म्हणालो.

तिनं पुन्हा ओठ हलवले. मागं रिक्षा, पुढं म्हशी, आणि तिचा आवाज म्हणजे देवघरातल्या जपासारखा. मी इतका वाकलो की हेल्मेट तिच्या गुडघ्याला लागलं. ती 'बसूया' म्हणत होती. बसलो. मी दहा शब्द बोलायचो, ती एक पुटपुटायची. हो. नाही. बरं. अशी पंधरा मिनिटं गेली आणि माझी खात्री पटली की हा दहावा 'असंच' चालत येतोय. घाबरलेला माणूस आपल्या धंद्याचा आधार घेतो. मी तिच्या डोळ्यांत खोल बघितलं आणि म्हणालो, "तुमच्या डाव्या डोळ्याला चष्म्याचा नंबर असणार, सिलिंडरचा."

मला ते कौतुक वाटलं होतं. तिनं ओढणीनं डावा डोळा पुसला आणि ती म्हशीकडं बघत बसली.

तेवढ्यात म्हशीवाले मामा बादली घेऊन आले. सत्तरीचे असतील. मिशा धुतलेल्या दोरीसारख्या पांढऱ्या.

"कुठलं म्हणायचं, पावणं?"

"मुरगूडकडचा."

"आरं तिच्या मारी! ही म्हस मुरगूडच्या बाजारातनंच आणलीया की! ए, बघ गं, तुझ्या गावचं आल्यात!"

म्हशीनं माझ्याकडं बघितलं. मला शपथेवर वाटलं, तिनं मला ओळखलं.

"न्हाई, मी आत्ताच चहा..."

"गावचं दूध हाय. न्हाय म्हणायचं न्हाय." आणि धार सुरूही झाली.

समोर ती बसलेली. तिच्या वडलांपर्यंत पोचलेले दोन लिटर माझ्या डोळ्यांपुढं. मी मनाशी हिशेब केला: माझं पोट मला अर्धा तास देतं. अर्ध्या तासात भेट उरकायची, दसरा चौकापर्यंत गाडी मारायची, तिथून राजारामपुरी. जमण्यासारखं होतं. मी डोळे मिटून गिलास लावला. निम्मा खाली आणला तोच मामांनी प्रेमानं वरून पुन्हा धार सोडून तो काठोकाठ केला. तो संपवला तर दुसरा हातात दिला, "ह्यो माझ्याकडनं. गाववाल्याला." तिच्या गिलासाला तिनं अजून ओठही लावले नव्हते. तिच्या नजरेत थोडं कौतुक दिसलं आणि त्या कौतुकासाठी मी दुसराही निम्म्यापर्यंत आणला.

आणि नशीब बघा, नेमकं तेव्हाच तिनं बोलायला सुरुवात केली! पुटपुटतच, पण स्वतःहून. तुम्हाला गणित आवडायचं का? एकटे राहता तर जेवण कोण करतं? लोणच्याच्या बरणीची गोष्ट मी सांगितली, त्यावर ती हसली आणि घाईनं तोंडावर हात ठेवला. गेल्या नऊ स्थळांत कुणी मला दुसरा प्रश्न विचारला नव्हता. उठवेना. विसाव्या मिनिटाला पोटात पहिला माग सुरू झाला. पंचविसाव्याला कारखाना.

"जरा गाडी बघून येतो," मी म्हणालो.

"गाडी समोरच आहे," ती पुटपुटली. होतीच समोर.

तरी उठलो. कोपऱ्यावरच्या शौचालयाला कुलूप. परत फिरलो, पण चार पावलांवर कळ अशी आली की मी जवळचा विजेचा खांब धरला. हेल्मेट गडगडत म्हशीच्या पायाशी गेलं. तिला काय वाटत असेल याचा विचार करत मी खांबाला कवटाळून उभा होतो, आणि त्याच वेळी माझ्यामागून एक आवाज आला. अशा आवाजाला 'आवाज' म्हणणं म्हणजे पंचगंगेच्या पुराला ओल म्हणणं.

"काय होतंय वं तुमास्नी? पोटात कळ आल्या व्हय?"

म्हशीनं पाय झाडला. मी मान वळवली. तीच होती. कंबरेवर हात, ओढणी गळ्याला गुंडाळलेली.

"मामा! ह्यास्नी संडासला जायाचंय! कुठं हाय हितं?"

सबंध कट्टा उठून उभा राहिला. कोल्हापूरच्या माणसाकडं कुणी मदत मागितली की तो आधी हातातलं काम टाकतो आणि मग शेजाऱ्याशी भांडतो. एकजण म्हणाला डावीकडं न्या, दुसरा म्हणाला डावीकडचं बंद हाय गेल्या महिन्यापास्नं, तुला काय म्हाईत, मी रोज जातो. वरच्या गॅलरीतून एका बाईनं विचारलं, "कुणाला काय झालंय?"

"दूध बाधलंय!" हिनं खालून उत्तर दिलं. ते पलीकडच्या गल्लीतही पोचलं असणार.

शेवटी मामांनी निकाल दिला, "तालमीत न्या, तालमीत!" आणि निघाली मिरवणूक. पुढं ती, "सरका, सरका" करत. मध्ये मी, दोघांनी दंडाला धरलेला. मागं माझं हेल्मेट कुणीतरी प्रसादासारखं दोन्ही हातांत घेतलेलं. तालमीच्या हौद्यात चार-पाच दणकट पैलवान अंगाला माती लावत होते. खरोखर रोज दोन लिटर पिणारे. मला बघून ते अदबीनं बाजूला झाले. मागच्या अंगणात दार होतं. मी आत गेलो आणि कडी लावली.

आतून सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी तिला विचारलं, "तुमचं मालक काय?"

"न्हाय अजून! आजच बघायला आलोय!"

हशा. मी ठरवलं, आता इथून बाहेर पडायचं नाही. डबा आत मागवायचा, नोकरी सोडून द्यायची.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. "बरं वाटतंय काय?"

"हो."

"खरं सांगा."

"नाही."

"दूध पचत न्हाय व्हय तुमास्नी?"

इतकी वर्षं घरानं जपलेलं गुपित. मी कडीकडं बघत सांगून टाकलं, "न्हाय."

"मग दीड गिलास कशाला मारलासा?"

"तुमच्या वडलांना बरं वाटावं म्हणून."

"लगीन काय माझ्या बापासंगं करायचंय?"

पुन्हा हशा. मग तिचाच आवाज, "तुम्ही जावा बघू सगळी. काय तमाशा हाय का?" पावलं लांब गेली. हौद्यात शड्डू घुमत होते. ती पुन्हा बोलली तेव्हा आवाज काही लहान झाला नव्हता, पण त्यातला ठसका गेला होता, आणि आमच्याकडच्या बायकांसारखी ती 'बोलते'ऐवजी 'बोलतो' म्हणत होती.

"आता माझं ऐका. मी अशीच बोलतो. घराला लागूनच माग. हळू बोललं तर आमच्यात भाकरीबी मिळत न्हवती. क्लासला मला माईक लागत न्हाय. पण सहा जण गेलं ह्या आवाजापायी. एकानं निरोप धाडला, पोरगी चांगली हाय, खरं कान दुखत्यात. म्हणून काकीनं आज सांगितलं, गप ऱ्हा, पुटपुट नुसतं. तासभर पुटपुटून नरडं बसलं माझं. तुमचं सगळं मला समजलं, माझं तुमास्नी समजलं. न्हाय म्हणायचं आसंल तर दार उघडायच्या आधी म्हणा. म्हणजे तोंड बघायला नको."

म्हणजे बाहेरही कुणीतरी 'असंच'ला भ्यालेलं होतं. सहा आणि नऊ, आम्ही पंधरा नकार मध्ये एक पत्र्याचं दार ठेवून उभे होतो. (मी उभा नव्हतो, पण ते असो.) दिवसभर लोकांना हे स्पष्ट की ते स्पष्ट विचारणाऱ्या माणसानं तासभर समोर बसून काहीच बघितलं नव्हतं, फक्त सिलिंडरचा नंबर बघितला होता.

"न्हाय म्हणायचं नाही," मी म्हणालो. "पण दार उघडायला अजून पाच मिनिटं लागतील."

"घ्या की. मी कुठं चाललो?"

बाहेर आलो तेव्हा ती तालमीच्या पायरीवर बसली होती. माझं हेल्मेट तिच्या मांडीवर होतं. मामांनी हिंग घातलेलं कोमट पाणी पाठवलं होतं. ते मी प्यालो. कट्ट्यावर परतल्यावर तिनं आपला गिलास संपवला आणि माझा राहिलेला निम्माही उचलून एका दमात संपवला. "गावचं दूध हाय," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी राजारामपुरीत पोचायच्या आत बातमी मुरगूडला पोचली होती. आत्तीचा फोन आला. "आरं, लोकं हाटेलात बिल द्यायला इसरत्यात, पदरावर चहा सांडत्यात, समजू शकतो. तू संडासात बसून पोरगी बघितलास? शेवटचं स्थळ हुतं रं माझं!" ती बराच वेळ बोलली. मग फोन वडलांकडं गेला. 

"तालमीत गेलतास म्हणं."

"व्हय."

"मग झालं की," ते म्हणाले. "कशासाठी का आसंना, गेलास." आणि आवाजावरून मला वाटलं, ते हसत असावेत.

मुलीच्या घरून मात्र काहीच कळेना. माझा निम्मा गिलास संपवला तो तिचा होकारच होता, पण घरी दोन लिटरवर विश्वास ठेवून बसलेले वडील होते. चार दिवस मी लोकांना उलटसुलट काचा लावल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात आली आणि खुर्चीत बसली. "काढा डाव्या डोळ्याचा नंबर." निघाला. सिलिंडरचाच निघाला. मी बरोबर होतो हे कृपया नोंदवून घ्यावं.

"घरी?" मी काच बदलत विचारलं.

"पप्पांना मी सांगणार हुतो. ते म्हणलं, ज्याचं पोट त्यानं येऊन सांगावं. ह्यी काच नगं, आधीची बरी हुती." बाहेर फ्रेम बघत असलेली चारही गिऱ्हाइकं आपल्या फ्रेमा ठेवून आत डोकावली.

रविवारी इचलकरंजीला गेलो. तिनं मला सरळ मागांच्या शेडमध्ये नेलं आणि स्वतः दारात थांबली. आत दोन्ही बाजूंना माग खडखडत होते. तीसेक कामगार, कुणी धाग्याची बॉबीन बदलतंय, कुणी तुटलेला धागा जोडतंय. तिचे वडील बनियनवर, कानाला पेन्सिल, खांदे अजून पैलवानाचे. त्यांनी माझा दंड दाबून बघितला आणि चेहरा कोरा ठेवला.

"काय सांगायचं हुतं?" ते ओरडले.

मी सांगितलं.

"आं?"

पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागं हात लावला. आता मात्र मी छाती भरून श्वास घेतला, चौतीस वर्षांचा साठवलेला, आणि तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच लाइट गेली. सगळे माग एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत माझं वाक्य शेडच्या पत्र्यांवर आपटून परत आलं,

"मला दूध पचत न्हाय!"

धागा जोडणाऱ्याचा हात थांबला. तीस माणसं माझ्याकडं बघत होती.

तिच्या वडलांनी सावकाश हात पुसले. "कधीपास्नं?"

"जन्मापासनं."

"आणि घरात आठ म्हशी?"

"व्हय."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "ताक?"

"चालतं."

"दही?"

"पळतं."

"मग एवढ्या मोठ्यानं वराडायला काय झालं?" ते म्हणाले. "आमच्यात एक हाय की वराडणारी, दुसरं कशाला?"

दारातून तिचं हसणं आलं. या खेपेला तिनं तोंडावर हात ठेवला नाही. मग कामगार हसले, वडील हसले, मग मीही. तेवढ्यात लाइट आली, सगळे माग एकदम सुरू झाले, शेड पुन्हा हादरायला लागली. आणि त्या सगळ्या खडखडाटाच्या वर ते हसणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.